गच्चीवरचा आपटा

आमच्या घरी नळाला पाणी आलं की पहिली कळशी कोणाची, हे ठरलेलं होतं. जुन्या जालन्यात तेव्हा पाणी आठवड्याने यायचं, कधी त्याहूनही लांबायचं, आणि यायच्या आधी नळ नुसतीच हवा सोडत खरखरायचा. ती खरखर ऐकली की अख्खी गल्ली जागी व्हायची. हंडे आपटायचे, बायका एकमेकींना हाका मारायच्या, आणि त्या गोंधळात आमची आई शांतपणे पहिली कळशी कमरेवर घेऊन गच्चीचा जिना चढायची. वर तिची झाडं होती. त्यानंतर पिण्याचा रांजण, त्यानंतर स्वयंपाकाची पातेली, आणि सगळ्यात शेवटी अण्णांची आंघोळ. अण्णा म्हणजे माझे वडील. एका बियाण्याच्या कंपनीत गोदामावर होते, अंगाला कायम सरकीचा आणि औषधाचा वास. "झाडाला कळशी अन् नवऱ्याला तांब्या," असं ते म्हणायचे, पण हसत म्हणायचे. भांडी आम्ही राखेने कोरडीच घासायचो. गच्चीवरची झाडं मात्र तहानेली राहिली नाहीत.

आईला बोन्सायचा नाद लागला तो गल्लीतल्या एका बँकेच्या साहेबांच्या बायकोमुळे. ती दर महिन्याला औरंगाबादला एका वर्गाला जायची. (तेव्हा नाव तेच होतं, आणि माझ्या तोंडात ते तसंच बसलंय.) सोबत हवी म्हणून तिने आईला नेलं, आणि सोबत म्हणून गेलेली बाईच वर्गात सगळ्यात हुशार निघाली. आई सातवी शिकलेली. पण फांदीला तार गुंडाळताना साल कुठे दुखावेल हे तिच्या बोटांना आपोआप कळायचं. बाकीच्या बायका मोटारीतून यायच्या, आई यष्टीने, मांडीवर कुंडी सांभाळत. कुंडीत रोपवाटिकेतून आणलेलं, पेन्सिलीएवढ्या खोडाचं उंबर. एकदा वर्ग घेणाऱ्या बाई तिच्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमनताई, हात फार चांगला आहे तुमचा, पण झाडाचं खोड पोरकट आहे. खरं झाड पाहिजे असेल तर माळावर शोधा. शेळ्यांनी खाल्लेलं, मुरमात वाढलेलं. म्हातारपण काही कुंडीत तयार करता येत नाही." आई घरी आली ती हे बोलणं घेऊनच. भाकरी थापतानासुद्धा मध्येच थांबून म्हणायची, "पोरकट म्हणाल्या त्या." तिला ते लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी कशात तरी हुशार म्हणालं होतं, आणि तेही अर्धंच.

मग ती झाडं आणायला लागली. कुठे लग्नाला गेली की परत येताना पिशवीतून बोरीचा खुंट निघायचा, कोणाच्या शेतावर हुरड्याला गेलो की हिवराचा. बांधावरचं एक, नाल्याच्या काठचं एक. आठ-पंधरा दिवस ती हिरवी दिसायची आणि मग एकेक करून वाळायची. वाळलेली झाडं फेकायची नाहीत, बंबात घालायची, अशी घरची पद्धत. त्या वर्षी आमच्या आंघोळीचं पाणी बहुतेक आईच्या झाडांवरच तापलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माळावर झाडं काय कमी होती का, असंच आम्ही समजायचो. आता माझ्या फोनवर झाडंवाल्यांचा एक ग्रुप आहे. तिथे कोणी माळावरून उपटून आणलेल्या झाडाचा फोटो टाकला की बाकीचे हात जोडतात, आणि कोणी विचारलंच की कुठून आणलं, कोणाला विचारलं, तर उत्तर तयार असतं: तसंही ते रस्त्यात गेलं असतं, तसंही शेळ्यांनी खाल्लं असतं, आम्ही तर वाचवलं. कधी कधी ते खरंही असतं. पण कुंडीत जगलेल्या एका झाडाचा फोटो येतो, बंबात गेलेल्यांचा येत नाही, हे मला माहीत आहे आणि मी तिथे गप्प बसते. गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

आईचं माहेर घनसावंगीच्या पुढं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं आहेत अजून. घनसावंगीपर्यंत यष्टी आणि पुढे जीप, आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळती माणसं, आणि ड्रायव्हर म्हणणार, "सरका, अजून दोन बसतेत बराबर." मामांचं घर पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेली ओसरी. भगवानमामा आईपेक्षा मोठे, उंच, कमी बोलणारे. त्यांना मूल व्हायच्या आधी बरीच वर्षं आईच त्यांचं मूल होती, असं मामी म्हणायची. आम्ही गेलो की चुलीवर येसराची आमटी शिजायला लागायची, तिचा खमंग वास पार जीप थांबते तिथपर्यंत यायचा. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, आणि मामांनी स्वतः फोडलेली मोसंबी. मामा फोडी आधी बहिणीला द्यायचे, मग मला. ती लग्न होऊन गेलेली, पोरीची आई झालेली बाई. तरी पहिली फोड तिचीच.

गावाच्या शिवेबाहेर मुरमाड माळ होता आणि त्यावर एक आपटा होता. आपटा एरवी चांगला उंच वाढतो. हा माझ्या कमरेएवढा. खोड मात्र माझ्या मांडीपेक्षा जाड, काळं, भेगाळलेलं, बुंध्याशी जमिनीवर बसकण मारलेलं, आणि फांद्या खाली झुकलेल्या. त्याला कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी लावलं हेही माहीत नव्हतं. दर दसऱ्याला दुपारून सगळं गाव वाजत-गाजत शिवेबाहेर जायचं आणि त्याची पानं सोनं म्हणून लुटायचं. पहिली मूठ आमच्या मामांच्या घराची. तो मान होता, पिढ्यान् पिढ्यांचा. मग बाकीच्या घरांची, आणि सगळ्यात शेवटी वस्तीवरच्या लोकांची. पानंच घ्यायची, फांदी मोडायची नाही, आणि झाडाला लोखंड लावायचं नाही, एवढे नियम. दरसाल लुटून लुटून ते बुटकं राहिलं होतं, पण दरसाल पुन्हा पालवतही होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या गाडीने जालन्याला यायचे. एका हातात धपाट्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात मोसंबीची पिशवी, आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेली थोडी पानं. ती गाठ ते दारात सोडायचे आणि आईला म्हणायचे, "घे सुमे, माहेरचं सोनं." आई ती पानं देव्हाऱ्यात ठेवायची आणि वाळून चुरा होईपर्यंत काढायची नाही.

ते झाड आईला मी दाखवलं. आईने ते जन्मापासून बघितलेलं, तरी मी दाखवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो, मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि आईची मर्जी राखायची मला फार हौस होती. माळावरून येताना मी म्हणाले, "आई, हे तर तयारच आहे की. बाई म्हणतात तसंच्या तसं." आई थांबली. झाडाला एक फेरी मारली, खाली बसली, खोडावरून हात फिरवला. पानगळ झालेली होती, त्यामुळे फांद्यांची सगळी ठेवण उघडी दिसत होती. ती उठून दोन पावलं मागे सरकली. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं ह्याच्याकडं झाड म्हणून बघितलंच न्हाई बघ." हे मी न म्हणते तर तिला सुचलं नसतं का? सुचलंही असतं. पण मी म्हणाले, हे खरं आहे.

त्या आठवड्यात गावातल्या एका पोराचं लग्न आष्टीला होतं. सगळं गाव वऱ्हाडात जाणार, मामा-मामीसुद्धा. आई म्हणाली, माझं डोकं दुखतंय, मी मागं राहते, मंगल राहील सोबतीला. मंगल म्हणजे मी. आदल्या संध्याकाळी ती मला घेऊन माळावर गेली. हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि सुपारी. तिच्या वडिलांनी घराच्या आढ्यासाठी लिंब तोडला तेव्हा आदल्या दिवशी असंच केलं होतं म्हणे, झाडाला सांगून, त्याची समजूत काढून. आईने आपट्याला हळदकुंकू लावलं, बुंध्याशी सुपारी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, "उद्या तुला न्यायला येते. माझ्या घरी चल. राग मानू नको." वारा पडलेला होता. झाड काही बोललं नाही, आणि आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला तेव्हा हे फार चांगलं वाटलं. एवढ्या श्रद्धेनं कोण झाड काढतं, असं वाटलं. झाडाला विचारलं आणि गावाला विचारलं नाही, यातली गफलत मला कळली नाही. आईलाही कळली नसेल असं मला म्हणायचंय. पण मग तिने लग्नाचा दिवस का निवडला?

अण्णा दुसऱ्या दिवशी आम्हाला न्यायला कंपनीच्या मॅटॅडोरमधून आले. परतूरकडे बियाणं पोचवून गाडी रिकामी परत चालली होती. ड्रायव्हर सावलीला झोपला. अण्णांनी झाड बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सुमन, भगवानरावांना विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? पहिल्या मुठीचा मान आमच्या घरचा हाये. झाड आमचंच हाये."

"मान मुठीचा असतो, झाडाचा न्हाई."

"तुम्हाला तुमच्या गोदामातलं कळतं. जल्दी करा, ऊन व्हायलंय."

अण्णांनी कुदळ उचलली. त्यांनी तिला कधी अडवलं नाही, त्याला मी त्या वयात प्रेम समजायचे. मुरूम इतका घट्ट होता की कुदळीतून ठिणगी उडायची. आम्ही भोवती चर खणला, बारीक मुळ्या सांभाळल्या, ओलं बारदान लावत गेलो. पण मधलं मूळ दगडाच्या फटीतून सरळ खाली गेलं होतं, कुठपर्यंत ते देव जाणे. ते आईने करवतीने कापलं. लोखंड लावायचं नाही हा नियम त्या वेळी कोणाच्याच तोंडून निघाला नाही. मूळ कापल्यावर झाड एकदम हलकं झालं आणि माझ्या अंगावर कललं. मी त्याला मिठीत धरून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "सुमाताई, काय करून राह्यल्या?"

यमुनामावशी होती. वस्तीवर राहायची, माळावरचं वाळकं सरपण गोळा करून डोक्यावर मोळी घेऊन गावात विकायची. आईच्याच वयाची. लहानपणी दोघी एकत्र शेण वेचायच्या, असं आईच सांगायची. आई चपापली, पण लगेच म्हणाली, "औषधाला मुळी काढून राह्यले." यमुनामावशीने खड्ड्याकडे बघितलं, बारदानाकडे, गाडीकडे, माझ्याकडे. "अख्खंच लागतं का औषधाला?" एवढंच म्हणाली आणि मोळी सावरत निघून गेली. गाडीत आई सगळ्या वाटेने झाडावर पाणी शिंपडत होती. मी मागे बघत होते. माळावर तेवढाच एक काळा ठिपका दिसत होता, ओल्या मातीचा.

झाड जगलं. बाकीची सगळी मेली आणि हे जगलं. आधी आईने ते लाकडाच्या खोक्यात लावलं, पाण्याच्या टाकीमागे सावलीत ठेवलं, आणि कळशीतला पहिला तांब्या त्याचा. आषाढात त्याच्या काळ्या सालीतून तांबूस कोंब फुटले तेव्हा आई जिन्यावरून मला हाका मारत आली. मी तिला इतक्या आनंदात पुन्हा पाहिलं नाही. औरंगाबादच्या बाई मुद्दाम जालन्याला आल्या झाड बघायला. टाकीमागे वाकून बघितलं आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. "सुमनताई, हे कुठून आणलंत?" आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माहेरून." बाई म्हणाल्या, पुढच्या प्रदर्शनात हेच मधोमध ठेवू. त्या संध्याकाळी आमच्याकडे शिरा झाला, साजूक तुपातला. अण्णांनी खाल्ला, पण झाडाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा आले. धपाटी होती, मोसंबी होती. उपरण्याला गाठही होती. गाठ सोडली तर आत मोठमोठी, फिकट, ताजी पानं. आईने बघितल्याबरोबर ओळखलं, मीही ओळखलं: कांचनाची पानं. बाजारात आपटा म्हणून हीच खपवतात.

"अंबडच्या बाजारातून आणली सुमे," मामा म्हणाले. "आपलं झाड कोणी तरी काढून नेलं. मुळासकट. नुसता खड्डा हाये. औंदा गावानं त्या खड्ड्यात बाजारातली फांदी रोवली अन् तिचीच पानं लुटली. पहिली मूठ घेताना मला शरम वाटली."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"अन् ती यमुनी," मामा सांगायला लागले, "गावानं तिला विचारलं, सरपणाला तूच तोडलं का म्हणून. माळावर दुसरं कोण जातं? तर ती तुझं नाव घेती. म्हणती, सुमाताईनं नेलं, मी डोळ्यानं बघितलं. सगळ्या पारासमोर म्हणती. माझं डोकंच फिरलं. मी तिला नाही नाही ते बोललो सुमे. माझ्या बहिणीचं नाव घेती? तिचं माळावर जाणंच बंद केलं गावानं. बरं केलं."

मी फोडणीला मिरच्या तोडत होते. मी आईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. तोंड उघडायला मला एक क्षण होता, आणि तो बराच मोठा होता. मामा पाणी प्याले, मोसंबी सोलली, पहिली फोड बहिणीला दिली. तिच्या हाताला पीठ होतं म्हणून तिच्या तोंडात दिली. मी तेव्हाही बोलले नाही. मग मामांनी मांडीवर हात मारला आणि हसून म्हणाले, "जाऊ दे. तुझी ती बारकी बारकी झाडं दाव बरं मला. दरसाल म्हणतो, बघायचं राहूनच जातं."

"वर ऊन आहे दादा," आई म्हणाली.

"उन्हाला काय भ्यायचं?" म्हणत ते जिना चढले. आई जागची उठली नाही. तव्यावरची पोळी करपायला लागली, तिचा वास घरभर झाला, तरी तिने उलथनं उचललं नाही. वरून काहीच आवाज येत नव्हता. कुठे तरी लांब रोलिंग मिलचा भोंगा झाला. मला वाटलं, मामा आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मामा खाली आले ते हळूहळू, भिंतीला धरून. त्यांच्या बोटांत एक पान होतं. छोटं, जाड, मधून दुभंगलेलं, खऱ्या आपट्याचं. झाडावर त्या वर्षी मोजकीच पानं होती. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले, आईच्या पिठाच्या हातात ते पान ठेवलं आणि म्हणाले, "घे. माहेरचं सोनं." आवाज नेहमीचाच होता. मग त्यांनी चपला घातल्या. जेवण तयार होतं, पुरण वाटून ठेवलेलं होतं. आई दारापर्यंत गेली, "दादा," एवढंच म्हणाली. ते वळले नाहीत. त्यानंतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे कधी आले नाहीत.

गावात पुढे काय झालं ते अण्णांना गोदामावर आलेल्या एका शेतकऱ्याकडून कळलं. मामांनी पारावर जाऊन सांगितलं होतं की झाड त्यांनी स्वतःच काढलं. वाळवी लागली होती, म्हणून काढून जाळलं. गावाने यमुनामावशीला पुन्हा माळावर जाऊ दिलं, आणि मामांच्या घराचा पहिल्या मुठीचा मान काढून घेतला. अण्णा हे सांगत होते आणि आई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. "चला," ती शेवटी म्हणाली, "आत्ताच्या आत्ता झाड परत नेऊ." अण्णा म्हणाले, "अन् ते जाळलं म्हणून सांगितलंय त्याचं काय? भावाला सगळ्या गावापुढं खोटं पाडती का आता?" ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. यमुनामावशी मात्र तशीच राहिली. झाड तिने तोडलं नव्हतं एवढं सिद्ध झालं. सुमाताईवर खोटा आळ घेतला हे तिच्या नावावर कायमचं चिकटलं. ती खरं बोलली होती, हे फक्त आमच्या घराला माहीत होतं.

ते झाड प्रदर्शनात गेलं नाही. बाईंना आईने सांगितलं, मेलं. वर्गही सुटला. बाकीच्या कुंड्या तिने हळूहळू वाटून टाकल्या, पण त्या झाडाला शेवटपर्यंत जपलं. तार कधी लावली नाही, कात्री लावली ती जगवण्यापुरती. पाणी रोज. भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं, ती गेली नाही, कंबर धरली म्हणाली. मामी वारली तेव्हा गेली आणि त्याच पावली परत आली. आई वारली तेव्हा मामा आले, तिच्या डोक्याशी बसून राहिले, आणि गच्चीच्या जिन्याकडे पाठ करून बसले.

मग झाड माझ्याकडे आलं. पोस्टातली नोकरी, दोन बदल्या, लग्न, मुलं, आणि सगळीकडे ती कुंडी. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती गोड झाड आहे हो. मला राग यायचा. त्यांचा नाही, झाडाचा. एखादा उन्हाळा मी पाणी विसरले असते तर विषय संपला असता, आणि असा विचार मनात आला की मी उठून दुप्पट पाणी घालून यायचे.

गेल्या ज्येष्ठात मामा गेले. तेराव्याला मी गाडी करून गेले आणि मागच्या सीटवर कुंडी ठेवली. आता मामांना खोटं पाडायची भीती नव्हती. उलट त्यांच्यावरचं खोटं उतरवायचं होतं. पंगत उठल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. झाड आम्ही नेलं, मामांनी काढलं नव्हतं, आणि यमुनामावशी खरं बोलत होत्या. मामेभाऊ म्हणाला, "जाऊ द्या आता ताई, लई जुनं झालं." गावातली चार माणसं म्हणाली, मोठं मन लागतं सांगायला. पोरांनी कुंडीसोबत फोटो काढले. इतक्या सहज माफी मिळाली की मला ओरडावंसं वाटलं. ज्यांचं काही गेलं नव्हतं तेच मला माफ करत होते.

यमुनामावशी ओसरीच्या कडेला बसलेली होती. फार म्हातारी, कमरेत पार वाकलेली. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले आणि पायाला हात लावायला गेले, तिने पाय आत घेतले.

"मावशी, तुम्ही खरं बोलल्या होत्या."

"मला म्हाईत हाये मी खरं बोलले," ती म्हणाली. "तुला आज कळलं का?"

तिने कुंडीकडे बघितलं. बराच वेळ. "हेच का ते?"

"हेच. परत त्याच जागी लावायचं म्हणते. पण आता कुंडीतलं झालंय, खोल मूळ न्हाई त्याला. दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल, तर लागेल."

"कोण घालील?"

मी आजूबाजूला बघितलं. मामेभावाने फोन कानाला लावला होता. यमुनामावशीने भिंतीचा आधार घेतला आणि उठली. "मी न्हाई घालणार," ती म्हणाली. "माझी कंबर गेली तुमच्या गावाचं सरपण वाहून. तू ये."

झाड आम्ही त्याच खड्ड्यात लावलं. दरसाल फांदी रोवून रोवून तिथे माती भुसभुशीत झालेली होती. पावसाळ्यात त्याने चार कोंब टाकले. दसऱ्याला गाव जमलं, मामेभाऊ पुढे होऊन मला म्हणाला, ताई, मान आपल्या घरी परत आला, पहिली मूठ तुम्ही घ्या. मी म्हणाले, यमुनामावशीला बोलवा. कोणी नाक मुरडलं, कोणी गप्प राहिलं, पण पोरं जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली. ती झाडापाशी आली. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिने एक पान उलटं करून बघितलं आणि सोडून दिलं.

"औंदा कोणी घ्यायचं न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "पाऊस सरला. उद्यापास्नं पाणी लागल ह्याला. येशील न्हवं?"